पिन कुठे अडकते? जुन्या रेकॉर्डची पारख आणि तिचा इतिहास

कुणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलायला लागलं की आपण म्हणतो, "याची पिन अडकली." ज्यांनी आयुष्यात ग्रामोफोन पाहिलेला नाही, तेसुद्धा म्हणतात. आजचा भाग या अडकलेल्या पिनेचा. जुनी रेकॉर्ड हातात आली तर ती चांगली की वाईट हे कसं ओळखायचं, आणि मुळात हे चांगलं-वाईट ठरवलं कुणी?

आधी थोडं मागे जाऊ. १९०२. फ्रेड गेसबर्ग नावाचा रेकॉर्डिंग इंजिनिअर कलकत्त्यात येतो आणि गौहर जानचा आवाज मुद्रित करतो. पण तबकड्या तेव्हा आपल्याकडे बनत नव्हत्या. मास्टर जायचे जर्मनीत, हॅनोव्हरला. कलकत्त्यात सियालदाहला कारखाना सुरू झाला तो १९०८ मध्ये. गंमत म्हणजे तबकडीतला मुख्य माल आपलाच होता, लाख! ज्या लाखेच्या बांगड्या होतात, तीच. आपल्या जंगलातली लाख परदेशात जायची आणि गाणं होऊन परत यायची.

आता हे लक्षात ठेवा, कारण पारख इथूनच सुरू होते. जुनी ७८ आरपीएमची रेकॉर्ड लाखेची असते. जड आणि ठिसूळ. पडली की फुटते. १९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने ३३ १/३ आरपीएमची एलपी आणली, ती विनाइलची. हलकी, थोडी लवचीक, आणि खाच खूपच बारीक. म्हणजे ही दोन वेगळी मटेरियल आहेत आणि दोघींचे आजारही वेगळे. साधं उदाहरण देतो. विनाइल पुसायला लोक पाणी घातलेलं अल्कोहोल वापरतात. तेच लाखेवर लावलंत तर लाख विरघळते आणि गाणंच पुसलं जातं.

लाखेच्या रेकॉर्डमध्ये मुद्दाम दगडाची भुकटी मिसळलेली असायची. का? तर स्टीलची पिन पहिल्या काही फेऱ्यांत घासून खाचेच्या आकाराची व्हावी म्हणून. त्यामुळे नियम असा की एक बाजू वाजली की पिन फेकायची. पण पिनेला पैसे पडतात. मग घराघरांत तीच पिन दहादा वापरली जायची आणि रेकॉर्ड घासली जायची. हे घासलेपण डोळ्यांना दिसतं. काळी चकाकी जाऊन खाचेवर राखाडी झाक येते. ती सगळीकडे सारखी नसते. आवाज जिथे मोठा, तिथे पिन खाचेच्या भिंतींवर जास्त आदळते. म्हणजे गवयाने जिथे जीव ओतून वरचा सूर लावला, नेमकी तीच जागा आधी झिजते. श्रोत्यांनी ज्या जागेसाठी रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावली, ती जागा त्यांनीच संपवली.

आता एलपी. चिंचवडहून रविवारी लोकल पकडून शिवाजीनगरला उतरलात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात एखादी रेकॉर्ड दिसली, तर काय कराल? कव्हर बघून भुलू नका. तबकडी बाहेर काढा, कडेने आणि मधल्या लेबलवर धरा, खाचांना बोट लावू नका. उन्हात तिरकी धरा. समोरून न दिसणारे ओरखडे तिरप्या उजेडात दिसतात. मग डोळ्यांच्या पातळीवर आणून बघा, ताटासारखी वाकली आहे का. लेबलच्या भोकाजवळ पुसट पांढऱ्या रेघा खूप असतील, तर ती रेकॉर्ड खूप वेळा लावली गेली आहे. पिन बसवताना अंदाज चुकला की त्या रेघा उमटतात.

ओरखडा दिसला तर त्यावरून नख हलकेच फिरवा. नखाला लागला तर कानालाही लागणार. किती लागेल याचं गणित सोपं आहे. एलपीचा एक फेरा १.८ सेकंदांचा. एका सेंटिमीटरमध्ये साधारण शंभर खाचा. म्हणजे खाचांना आडवा गेलेला एक सेंटिमीटरचा ओरखडा जवळजवळ शंभर वेळा 'टक' करणार, सुमारे तीन मिनिटं. अख्खं एक गाणं गेलं! ठरावीक अंतराने टक-टक आली तर ओरखडा समजा. कशीही, कुठेही चरचर आली तर ती बहुतेक धूळ, आणि धूळ धुता येते. ऐकायची संधी मिळाली तर बाजूचं शेवटचं गाणं लावा. आतल्या खाचेचा घेर लहान असतो, तेवढ्याच वेळात पिन कमी अंतर कापते, त्यामुळे झीज तिथे आधी ऐकू येते.

या सगळ्या निरीक्षणांना ग्रेडची नावं दिली ती संग्राहकांच्या बाजाराने. अमेरिकेत १९७४ मध्ये 'गोल्डमाइन' हे मासिक सुरू झालं आणि त्याची मोजपट्टी जगभर रुळली. मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड, पुअर. नावांवर जाऊ नका. यातलं 'गुड' म्हणजे बऱ्यापैकी खराब! व्हेरी गुडची किंमत निअर मिंटच्या साधारण पाव.

आपल्या चिंचवड-चाकण पट्ट्यात ही भाषा कुणाला नवी नाही. पार्ट गेजमध्ये बसला तर ओके, नाही तर रिवर्क, नाही तर स्क्रॅप. पण इथे एक मोठा फरक आहे. स्क्रॅप झालेला पार्ट उद्या पुन्हा बनतो. मास्टर दीनानाथ १९४२ मध्ये गेले, अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये. त्यांचं गाणं आज आपण ऐकतो ते तबकड्यांमुळे. उलट अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत होते, पण त्यांचं ध्वनिमुद्रणच नाही. एवढा मोठा गवई, आणि आपल्याला त्यांच्या गाण्याची कल्पना करायची ती शिष्यांच्या गाण्यावरून.

म्हणून मला वाटतं, ग्रेड दोन असायला हव्यात. एक बाजाराची: किती घासली, किती रुपये. दुसरी इतिहासाची: या आवाजाच्या अजून किती प्रती उरल्या आहेत? बाजारात 'पुअर' ठरलेली तबकडी एखाद्या गाण्याची शेवटची प्रत असू शकते. मुंबईत १९९० मध्ये रेकॉर्ड संग्राहकांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' उभी राहिली. अशा संग्राहकांनी रद्दीच्या भावाच्या तबकड्या गोळा केल्या, त्यांच्या याद्या केल्या, म्हणून आज बरंच काही आपल्या मोबाइलवर आहे.

तेव्हा आजोळच्या माळ्यावर काळ्या तबकड्यांचा गठ्ठा सापडला तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एवढंच करा. गठ्ठा आडवा रचू नका, उभा ठेवा. पावसाळ्यात ओलीपासून जपा. लेबलवरचं नाव आणि नंबर यांचा फोटो काढा. तडा गेलेली असेल तरी फेकू नका. तडा गेलेल्या रेकॉर्डमधूनही, टक-टक करत का होईना, माणूस गातो.

भेटू पुढच्या भागात. तोवर घरच्या मोठ्यांना विचारून ठेवा, आपल्याकडे फोनो होता का?