मागेल त्याला

आमच्या माण तालुक्यात कुणी मुंबईला नोकरीला जात नसे. माणसं जगायला जायची. "धाकला कुठं असतो?" "जगायला गेलाय." एवढ्यात सगळं आलं. पाऊस नाही, रान आहे पण रानात काही नाही, घरात खाणारी तोंडं आहेत. लहानपणी मला वाटायचं, गिरणी, गोदी, माथाडी असल्या कामांनाच आमच्याकडे 'जगणं' म्हणतात. त्या शब्दातलं दुखणं कळायला चाळिशी यावी लागली.

१९७२ साली मी चार वर्षांची होते. माझ्या स्वतःच्या आठवणीत त्या दुष्काळातली फक्त सुकडी आहे. भाजलेलं पीठ, त्यात गूळ. घास टाळूला चिकटायचा आणि पाण्याशिवाय उतरायचा नाही. कामावर आलेल्या बायकांच्या पोरांना ओंजळीत मिळायची. बाकी सगळं ऐकलेलं आहे: आजीकडून, थोरल्या आत्याकडून आणि गावातल्या गुरुजींकडून. तिघांच्या गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत. किती वर्षं मी त्या जुळवायला बघत होते. आता तो नाद सोडलाय.

आजीची गोष्ट भिंतीवर होती. जात्याच्या खोलीत दिवळीखाली काजळीच्या रेघा ओढलेल्या. आजीला अक्षरओळख नव्हती. कुणाकडून मापटंभर उसनं आणलं की उभी रेघ, फेडलं की तिच्यावर आडवी. रेघांचे पुंजके होते आणि कुठला पुंजका कुठल्या घराचा हे फक्त तिला ठाऊक. फेडताना मात्र सपाट मापानं आणलेलं शीग लावून द्यायचं. का, म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "आगं, पुन्यांदा मागायला जायचं आसतंय न्हवं."

मला वाटतं, माझ्या आजीला जगण्याविषयी जे काही माहीत होतं ते या एका वाक्यात होतं. तिच्या लेखी उसनं म्हणजे कर्ज नव्हतं. ती ये-जा होती. घरात पोतं भरलेलं असतानाही ती शेजारणीकडे मीठ मागायला जायची. आईला ते आवडायचं नाही. पण आजी ती वाट मुद्दाम वापरात ठेवत होती. गवत माजलेल्या पायवाटेनं ऐन वेळी जाता येत नाही.

सत्तर, एकाहत्तर, बहात्तर अशी ओळीनं तीन वर्षं पावसानं पाठ फिरवली. बहात्तर सालच्या ज्येष्ठात पेरलेलं उगवलंच नाही, आत्या सांगते. आत्याचं म्हणणं असं, की त्या वर्षी विहिरी खणल्या तर पाणी लागायचं, धान्य मात्र कुठंच नव्हतं. रेशनवर अमेरिकेहून आलेला मिलो मिळायचा. तांबडी ज्वारी. तिचं पीठ वळायचं नाही, भाकरी थापता थापता फाटायची. मग आधण ओतून उकड काढायची आणि गरम असतानाच मळायची, हात पोळले तरी. आत्या आजही ज्वारीच्या पिठावर नुसतं बोट फिरवून सांगते, हे वळेल का नाही.

आमची वीस एकर जमीन होती, कोरडवाहू. आजोबांची बैलजोडी अख्ख्या पंचक्रोशीत नावाजलेली. वैरण संपली तेव्हा त्यांनी ती म्हसवडच्या बाजारात मिळेल त्या भावाला घालवली. बैलांच्या गळ्यातले घुंगूर तेवढे काढून घेऊन आले. शरीरानं आजोबा दणकट होते. दोन पोती पाठीवर टाकून माळ्यावर चढायचे. आमच्या घरातलं सगळ्यात बळकट माणूस कोण, असं कुणी विचारलं असतं तर दहा जणांनी त्यांचंच नाव घेतलं असतं.

आणि दुष्काळात तेच मोडले.

गावातल्या एका माणसाला त्यांनी पूर्वी पैसे दिले होते. ते परत मागायला ते तीनदा त्याच्या उंबऱ्यापर्यंत गेले आणि तीनदा तसेच परत आले. स्वतःचेच पैसे, पण तोंड उघडेना. दुष्काळी कामावर जाणं तर त्यांच्या मनातच येऊ शकत नव्हतं. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याला कामावर लावलं, त्यांनी मुकादमापुढं उभं राहून नाव सांगायचं? ते ओट्यावर बसून राहिले. पुढं पाऊस आला, पीक आलं, पण ओट्यावरचा माणूस पहिल्यासारखा उठला नाही. भुकेनं ते गेले नाहीत, आणखी सात वर्षं जगले. आजी म्हणायची, "त्येंचं बळ समदं देण्याचं व्हतं. घेण्याचं बळ न्हवतं."

कामावर आजी गेली. पाझर तलावाचं काम तीन मैलांवर निघालं होतं. पहिल्या दिवशी ती अंधारातच निघाली, वाटेत कुणी बघू नये म्हणून. उजाडलं तेव्हा तिला दिसलं, की पदर नाकापर्यंत ओढून पाटलांच्या घरची सून आधीच तिथं घमेलं घेऊन उभी आहे. दोघी एकमेकींकडे बघून काही बोलल्या नाहीत. दुपारी एकाच बाभळीखाली भाकरी सोडली.

खणताना खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट तसाच ठेवायचा. मूळ जमीन कुठवर होती आणि किती खोल खणलं, हे मोजणाऱ्याला त्यावरून कळायचं. मोजदाद होईपर्यंत तो खुंट पोरांपासून, शेळ्यांपासून राखायचा, कारण तो ढासळला तर दिवसाची मजुरी ढासळली. पुढं खडी फोडायचं काम आलं, तेव्हा आत्यानं बोटांना सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. तरी तिच्या डाव्या अंगठ्याचं नख गेलं ते नीट आलंच नाही. मजुरी दिवसाला दोन-तीन रुपये. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. त्या आकड्यात माझी आजी आहे, आत्या आहे, पाटलांची सून आहे.

आजीच्या आजीनंही हेच केलं होतं. आमच्याकडचा राजेवाडीचा तलाव इंग्रजांच्या अमदानीत, १८७६ च्या दुष्काळात काम म्हणून हाती घेतलेला. त्याच्या भरावावर ती माती वाहायला होती असं घरात सांगत आलेत. तिची फक्त एकच गोष्ट माझ्यापर्यंत आली: निघताना घरात पाच माणसं होती आणि परतताना दोन. एवढंच. मधलं कुणी सांगितलं नाही.

ते मधलं मी नंतर वाचलं. सर रिचर्ड टेंपल यांना सरकारनं दुष्काळावर नेमलं होतं आणि खर्च कमी करायचा म्हणून त्यांनी राबणाऱ्या माणसाची मजुरी दिवसाला पौंडभर धान्य आणि वर किरकोळ पैसे इथवर खाली आणली. दिवसभर माती वाहणाऱ्याला अर्धा किलोही धान्य नाही. दख्खनमधले हजारो मजूर काम सोडून उठून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं, गणेश वासुदेव जोशी यांनी त्यांची बाजू सरकारपुढं मांडली. सत्यशोधकांनी अन्नछत्रं घातली. त्या धामधुमीतलं, एप्रिल १८७७ मध्ये ओतूरहून जोतीरावांना लिहिलेलं सावित्रीबाईंचं पत्र आजही वाचायला मिळतं. आणि त्याच काळात इथला गहू जहाजांतून इंग्लंडला जात होता. त्या दुष्काळात हिंदुस्थानात ५० लाखांवर माणसं गेली.

हे वाचल्यापासून माझ्या मनातलं एक गणित कायमचं विस्कटलं. धीर, चिवटपणा, काटकसर, पडेल ते खाणं, हे गुण माणसाला तारतात असं आपण म्हणतो. पण आजीच्या आजीत हे सगळं होतंच. तांदुळजा, घोळ, पाथरी ओरबाडून खाणं तिलाही ठाऊक होतं. कामावर जायला तीही लाजली नाही. मजुरी परवडत नाही म्हणून उठून जाण्याइतका कणा तिच्या सोबतच्यांना होता. तरी पाचांतली तीन माणसं गेली. माझ्या आजीच्या घरातलं एकही माणूस बहात्तरात भुकेनं गेलं नाही. दोघींत फरक असलाच तर एवढाच, की एकीनं मागितलं तेव्हा पलीकडे कुणी ऐकणारं नव्हतं.

बहात्तरातही सरकारनं आपणहून सगळं दिलं असं नाही. मोर्चे निघाले, घेराव झाले, कामावरच्या मजुरांनी संप केले. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. मागणं असं मोठ्यानं झालं, तेव्हा त्याला उत्तर मिळालं. वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे, म्हणजे आमच्यासारख्याच कोरड्या पट्ट्यातले. मागेल त्याला काम द्यायचं ही कल्पना त्यांनी दुष्काळाच्या आधीपासून लावून धरली होती. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना ती योजना झाली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि पैसा उभा करायला शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. आजही माझ्या पगारातून तो कापला जातो. महिन्याच्या त्या छोट्या रकमेकडे बघताना मला दर वेळी भिंतीवरची रेघ आठवते.

गुरुजींना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. ते आमच्याच गावचे, बौद्धवाड्यातले, पुढं शिक्षक होऊन निवृत्त झाले. बहात्तरात चौदा वर्षांचे होते आणि वय वाढवून कामावर लागले होते. म्हणाले, "ताई, तुमच्या आजीच्या भिंतीवर आमच्या घरची रेघ होती का?"

नव्हती. मी आत्याला विचारून खात्री केली. उसनं वेशीच्या आत फिरायचं. त्यांच्या घरी दिलं जायचं, पण ते वाढलेलं, वरून ओंजळीत सोडलेलं. परत घेतलं जायचं नाही, म्हणून रेघही नाही. गुरुजी म्हणाले, "तुमच्यात मागणं होतं. आमच्यात मिळणं होतं, मिळालं तर. उसनं आमच्यापर्यंत आलं नाही. मस्टर आलं." कामावर पाण्याचे पिंप वेगळे होते, तेही त्यांनी सांगितलं. पण हजेरीपटावर नावं एकाखाली एक होती, आणि खड्डा मोजला की त्यांच्या आईला आणि माझ्या आजीला एकाच दरानं पैसे मिळत. पहिल्या हप्त्याचे पैसे हातात पडले तेव्हा त्यांच्या आईनं ते दोनदा मोजले. कमी आहेत का बघायला नव्हे. आपण मोजतोय आणि कुणी काही म्हणत नाही, हे तिला बघायचं होतं.

त्या दिवसापासून आजीची गोष्ट मी पूर्वीसारखी सांगू शकत नाही. ती खोटी नाही. तिला वेस होती.

आणखी एक गोष्ट आजी फार रंगवून सांगायची. गावात एक मोठं घर होतं, त्यांच्या वाड्यात पेव होतं. पेव उघडताना आधी पेटता दिवा दोरीनं आत सोडतात. दिवा विझला तर आतली हवा मारणारी आहे असं समजून तासन् तास थांबायचं. घाईनं उतरलेली माणसं आतच राहिल्याच्या कथा आमच्याकडे पुष्कळ. तर त्या घरानं पेव उघडलं ते रात्री, दिंडी लावून, आणि दाणा बाहेर दिला नाही. आजीच्या गोष्टीत पुढं त्या घराची वाताहत व्हायची. पेरणीला त्यांच्याबरोबर सावड करायला कुणी गेलं नाही, पोरांनी वाटण्या केल्या, वाडा पडला.

आत्यानं मात्र मला खरं सांगितलं. त्या घराचं काहीही वाईट झालं नाही. दुष्काळात अडलेल्यांची दोन रानं त्यांनी पडत्या भावानं घेतली आणि त्यातलं एक आमचं होतं. वीसाची पंधरा एकर झाली ती अशी. आजीनं ही गोष्ट नातवंडांना कधी सांगितली नाही. ती का सांगितली नाही, याचा मी पुष्कळ विचार केलाय. मोडक्या काळात पोरांनी कशावर तरी भरवसा ठेवावा, म्हणून तिनं त्या वाड्याला पाडलं असावं. वाडा अजून उभा आहे. गेल्या वर्षी त्याला रंग दिला.

१९७३ च्या पावसाळ्यात पेरण्या झाल्या. बैल कुणाकडेच पुरे नव्हते. एकाचा एक, दुसऱ्याचा एक असे जुंपले, आणि आज तुझं, उद्या माझं असं करत रानं उरकली. बाजरी घरात आल्यावर आजीनं आधी मापटं काढलं. आठ दिवस ती घरोघर फिरत होती, शीग लावलेलं मापटं पदराखाली धरून. एकेक रेघ कापली गेली.

एक राहिली. वरच्या आळीला एक धनगराची बाई होती. तिची मेंढरं संपली आणि पौषात ती नवऱ्या-पोरांसह मुंबईला जगायला निघाली. एस.टी.ला जाताना ती आमच्या दारात थांबली आणि गाठोड्यातले मापटंभर हुलगे काढून आजीला दिले. आजी नको म्हणत होती. ती म्हणाली, "उसनं घ्या. म्हंजी मला परत यावं लागंल."

ती आली नाही. गावचं कुणी मुंबईला निघालं की आजी त्याच्याजवळ मापटंभर हुलगे फडक्यात बांधून द्यायची. ती बाई कुर्ल्याला असल्याचं कुणीतरी म्हणालं होतं, तेवढाच पत्ता. महिन्या-दोन महिन्यांनी फडकं तसंच गाठीसकट परत यायचं. मी शिकायला पुण्याला निघाले तेव्हा मलाही तिनं ते दिलं. पुणं म्हणजे मुंबई नव्हे, हे सांगून उपयोग नव्हता. मी ते होस्टेलच्या पेटीत वर्षभर ठेवलं.

दिवाळीच्या आधी घराला चुना द्यायचा तो आजी स्वतः द्यायची, अगदी शेवटच्या वर्षापर्यंत. जात्याच्या खोलीत आली की दिवळीखाली तिचा हात हळू व्हायचा. कुंचा वरून यायचा, वळसा घ्यायचा आणि वीतभर जागा तशीच काळी सोडून खाली उतरायचा.