अक्स, छाया आणि चेहऱ्यावरचा उजेड

फोटोला मराठीत आपण छायाचित्र म्हणतो. उर्दूत फोटोग्राफीला ‘अक्कासी’ म्हणतात. हा शब्द ‘अक्स’वरून आला, अक्स म्हणजे प्रतिबिंब. दोन्ही भाषा शिकवताना मला याची गंमत वाटते. एका भाषेने सावली धरली, दुसरीने प्रतिबिंब. ‘प्रकाशचित्र’ असाही शब्द मराठीत आहे, पण तो फारसा रुळला नाही. प्रत्यक्षात फोटो बनतो तो उजेडानेच. चेहऱ्यावर उजेड कुणी टाकायचा, कुठून टाकायचा आणि कशासाठी, यालाही एक इतिहास आहे.

तो सांगण्याचे कारण आजचे आहे. नोकरीच्या अर्जाला, कंपनीच्या ओळखपत्राला, इंटरनेटवरच्या व्यावसायिक ओळखीला आता नीटनेटका फोटो लागतो. त्याला ‘हेडशॉट’ म्हणतात. आमची मुले-मुली शिकून बाहेर पडतात तेव्हा मला विचारतात, “सर, टोपी ठेवू का? हिजाबात काढलेला फोटो चालेल का? फोटो बघूनच अर्ज बाजूला पडला तर?” ही भीती फोटोइतकीच जुनी आहे.

सुरुवात इब्न अल-हैसमपासून करू. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत राहिलेल्या या विद्वानाने अकराव्या शतकाच्या आरंभी ‘किताब अल-मनाजिर’ लिहिला. डोळ्यातून किरण निघून वस्तूवर पडत नाहीत, तर वस्तूकडून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो, हे त्याने प्रयोगांच्या आधारे मांडले. अंधाऱ्या जागेत बारीक छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचाही त्याने अभ्यास केला. त्याचा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि युरोपने तो शतकानुशतके वाचला. आपल्याकडे लोक यावरून ‘कॅमेरा मुसलमानांनी शोधला’ असे ठोकून देतात. ते खरे नाही. त्याने प्रकाश समजावून सांगितला, आणि तेवढेही फार मोठे काम आहे.

1839 मध्ये पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली. सुरुवातीला चेहरा उमटायला इतका वेळ लागे की माणसाचे डोके मागून लोखंडी चिमट्यात टेकवून ठेवत. स्टुडिओचे छप्पर काचेचे असे. ढग आले की धंदा बंद. 1854 मध्ये दिस्देरी याने व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराच्या फोटोचे पेटंट घेतले. एकाच काचेवर अनेक फोटो निघू लागल्याने ते स्वस्त झाले. आजच्या हेडशॉटचा हा खरा पूर्वज. त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली.

आपली माणसे केवळ कॅमेऱ्यासमोर नव्हती, मागेही होती. लखनौच्या दरोगा अब्बास अली यांनी 1874 मध्ये शहराचा अल्बम काढला, आणि 1880 मध्ये अवधच्या राजे-तालुकदारांचा. हैदराबादेत लाला दीनदयाळ यांनी 1892 मध्ये पडदानशीन स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ उघडला. तो एक इंग्रज बाई चालवत. म्हणजे पडदा आणि फोटो यांतून वाट काढायचा प्रयत्न सव्वाशे वर्षांपूर्वीच झाला होता.

पण कॅमेऱ्याचे दुसरे तोंडही होते. 1868 ते 1875 या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा सरकारी ग्रंथ निघाला. त्यात हिंदुस्थानातल्या जाती-जमातींचे फोटो आणि खाली शेरे होते. कोण राजनिष्ठ, कोण भांडखोर, असा एकूण सूर. 1869 मध्ये सर सय्यद अहमद खान मुलांसह लंडनला गेले, तेव्हा इंडिया ऑफिसमध्ये त्यांनी हे पुस्तक पाहिले. तिथे एका तरुण इंग्रजाने ते चाळून त्यांचा मुलगा महमूद याला विचारले, तू हिंदुस्थानी का? महमूदने हो म्हटले, पण तो लाजला आणि आपण या चित्रातल्या मूळ रहिवाशांपैकी नाही, आपले पूर्वज दुसऱ्या देशातून आले, असे त्याने घाईने सांगितले. हा प्रसंग स्वतः सर सय्यद यांनीच लिहून ठेवला आहे.

मला यात दोन जखमा दिसतात. एक, माणसाला नमुना बनवणारा कॅमेरा. दुसरी, त्या अपमानातून सुटण्यासाठी शेजारच्या माणसापासून अंग काढून घेणे. बाहेरून आल्याचा तो अभिमान आपल्या समाजाने पुढेही जपला. महाराष्ट्रातले बहुसंख्य मुसलमान याच मातीतले असताना.

1880 च्या दशकात पॅरिसच्या पोलिसांत बर्तियों याने आरोपींच्या फोटोची शिस्त बसवली. एक समोरून, एक बाजूने, ठरलेले अंतर, ठरलेला उजेड. पहिल्या महायुद्धाच्या काळात पासपोर्टवर फोटो सक्तीचे होऊ लागले. आपल्या देशात मतदारांचे फोटो ओळखपत्र 1993 पासून आले. अशा फोटोत उजेड सपाट ठेवतात, कारण तिथे फक्त ओळख पटवायची असते, माणूस दाखवायचा नसतो.

आता फ्लॅशकडे येऊ. 1887 मध्ये जर्मनीत मीथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची भुकटी आणि पोटॅशियम क्लोरेट मिसळून भडका उडवणारी पूड बनवली. लखलखाट व्हायचा, पण धूर व्हायचा, आग लागायची. न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस याने याच पुडीने गरिबांच्या अंधाऱ्या खोल्या जगाला दाखवल्या. 1929 च्या सुमारास काचेत बंद फ्लॅश बल्ब आला. तो एकदाच पेटे. 1930 च्या दशकात अमेरिकेत हॅरल्ड एजर्टन यांनी पुन्हा पुन्हा चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश विकसित केला. कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज वायू भरलेल्या नळीत एका झटक्यात सोडायची, हे आजच्या स्टुडिओ फ्लॅशचे तत्त्व तिथलेच.

हेडशॉटमध्ये तोच फ्लॅश वेगळ्या रीतीने वापरतात. मुख्य दिवा समोर न ठेवता साधारण 45 अंश बाजूला आणि डोळ्यांच्या वर ठेवतात. त्याला सॉफ्टबॉक्स किंवा पांढरी छत्री लावली की सावलीच्या कडा मऊ होतात. दिवा चेहऱ्यापासून दुप्पट लांब नेला तर उजेड निम्मा नव्हे, चौथा हिस्सा उरतो. दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरला तर सावली उजळते. चष्मा चमकत असेल तर दिवा आणखी वर घ्यावा. काळा हिजाब किंवा काळी शेरवानी गडद पडद्यात बुडते, म्हणून मागून एक हलका दिवा द्यावा. कड सुटून दिसते. सावळ्या चेहऱ्यासाठी उजेड चेहऱ्यावर मोजावा, पांढऱ्या शर्टावर नव्हे. यापैकी काहीच महागडे नाही. गल्लीतला फोटोवाला हे सगळे करू शकतो, फक्त त्याला सांगावे लागते.

राहिला धर्माचा प्रश्न. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिसरचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी फोटोच्या बाजूने पुस्तिका लिहिली. त्यांचे म्हणणे असे की फोटोवाला काही घडवत नाही, असलेली सावली तो फक्त धरून ठेवतो. मराठीतला ‘छायाचित्र’ हा शब्द जवळजवळ हेच सांगतो. सर्व उलेमांना हे पटले नाही, आजही मतभेद आहेत. ज्याला फोटो नको त्याचे मतही मानावे. पण पासपोर्टला, हजच्या अर्जाला, परीक्षेच्या प्रवेशपत्राला फोटो चालतो आणि मुलीच्या नोकरीच्या अर्जाला मात्र चालत नाही, असे घरातला पुरुष म्हणतो, तेव्हा ते धर्माचे कारण नसते.

म्हणून मी मुलांना सांगतो, टोपी रोज घालत असाल तर फोटोतही घाला. घालत नसाल तर फोटोसाठी घालू नका. हिजाबचेही तेच. अर्ज बाजूला पडण्याची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही, पण ते कुणी करत असेल तर दोष त्याचा, तुमच्या चेहऱ्याचा नाही. दीडशे वर्षांपूर्वी आपल्या चेहऱ्याखाली दुसऱ्यांनी शेरे लिहिले. आज दिवा कुठे ठेवायचा हे तुम्ही सांगू शकता. तेवढे तरी सांगा.