बाबासाहेबांची आत्या

आम्ही लोणारच्या बचत गटातल्या बाया. १४ एप्रिलला बाबासाहेबांना वंदन करताना आम्ही त्यांच्या आत्याची, मीराबाईंचीही आठवण काढतो.

१८९१ साली जन्मलेल्या भीमाची आई, भीमाबाई, तो लहान असतानाच साताऱ्यात वारली. वडील रामजी सुभेदार नोकरीसाठी दुसऱ्या गावी. घरात आत्या. तिचे पाय अधू, पुष्कळदा तिला उचलूनच न्यावं लागे. स्वयंपाक मुलंच करत. भाकरी जमेना, म्हणून तांदूळ-मटणाचा पुलाव शिजवत.

तरी मोठेपणी आठवणी लिहिताना बाबासाहेबांनी आत्याला सर्वांत मायाळू म्हटलं.

आपल्याही घरात अशी थकलेली आत्या, आजी असते. कामाला येत नाही म्हणून तिला ओझं म्हणू नका. लेकरं तिच्या मायेवरही वाढतात.