कॅमेऱ्यामागची आयडा लुपिनो

1949 साली ‘नॉट वॉन्टेड’चं चित्रीकरण नुकतंच सुरू झालं होतं, तोच दिग्दर्शक एल्मर क्लिफ्टन यांना हृदयविकाराचा झटका आला. कंपनी छोटी, हाती पैसा बेताचा. तेव्हा निर्माती आणि सहलेखिका आयडा लुपिनो हिनं सूत्रं हाती घेतली आणि चित्रपट तडीस नेला. श्रेयनामावलीत मात्र दिग्दर्शक म्हणून क्लिफ्टन यांचंच नाव राहिलं.

आयडाचा जन्म 1918 मध्ये लंडनचा. घरात नाटक पिढीजात. वडील स्टॅनली लुपिनो हे गाजलेले विनोदी नट, आई कॉनी एमराल्डही अभिनेत्री. ‘हर फर्स्ट अफेअर’ या 1932 च्या चित्रपटासाठी आई चाचणीला गेली आणि दिग्दर्शक अ‍ॅलन ड्वॉन यांनी भूमिका दिली ती सोबत आलेल्या चौदा वर्षांच्या लेकीला. पुढच्याच वर्षी ती हॉलिवूडला गेली. 1934 मध्ये तिला पोलिओनं गाठलं, पण ती त्यातून उठली. ‘हाय सिएरा’च्या (1941) नामावलीत तिचं नाव हम्फ्री बोगार्टच्याही आधी होतं. ‘द हार्ड वे’नं तिला न्यूयॉर्कच्या समीक्षकांचा पुरस्कार मिळवून दिला.

वॉर्नर ब्रदर्सशी मात्र तिचं वारंवार बिनसे. न पटलेली भूमिका ती नाकारी आणि स्टुडिओ तिला बिनपगारी घरी बसवी. हा सक्तीचा रिकामा वेळ तिनं वाया घालवला नाही. सेटवर आणि संकलनाच्या खोलीत थांबून ती काम बघत राहिली. दिग्दर्शनाचं शिक्षण म्हणायचं तर ते हेच.

पती कोलियर यंग याच्यासोबत तिनं ‘द फिल्ममेकर्स’ ही कंपनी उभी केली आणि मोठे स्टुडिओ ज्यांच्या वाटेला जात नसत ते विषय हाती घेतले. ‘नॉट वॉन्टेड’मध्ये कुमारी माता होती, ‘नेव्हर फिअर’मध्ये पोलिओ झालेली नर्तकी. ‘आउटरेज’ (1950) बलात्कारावर होता, आणि सेन्सॉरच्या नियमांमुळे त्यात तो शब्दही उच्चारता येत नव्हता. लुपिनोनं पाठलागाचा प्रसंग असा उभा केला की शब्दाची गरजच उरली नाही. रात्रीचे ओस पडलेले रस्ते, एकटी धावणारी मुलगी आणि वाजतच राहिलेला ट्रकचा हॉर्न. त्यानंतरचा चित्रपट पूर्णपणे त्या मुलीच्या मनाची पडझड आणि सावरणं यांच्यामागे जातो. त्या काळात हे धाडस फार मोठं होतं.

‘द हिच-हायकर’मध्ये (1953) तिनं वेगळीच वाट धरली. मासेमारीला निघालेले दोन मित्र वाटेत एकाला गाडीत घेतात, तो निघतो खुनी. त्याची एक पापणी मिटतच नाही. तो झोपलाय की जागा आहे, हे ओलिसांना कळायला मार्ग नाही. त्याच वर्षी ‘द बिगॅमिस्ट’मध्ये तिनं दिग्दर्शन आणि अभिनय दोन्ही केलं.

तिच्या आधीच्या दिग्दर्शिका डोरोथी आर्झनर 1943 नंतर चित्रपटांपासून दूर झाल्या होत्या. त्यामुळे पन्नाशीच्या दशकात हॉलिवूडमध्ये सातत्यानं दिग्दर्शन करणारी स्त्री म्हणजे जवळपास एकटी लुपिनोच. कंपनी बंद पडल्यावर ती टीव्हीकडे वळली. ‘ट्वायलाइट झोन’च्या मूळ मालिकेतला भाग दिग्दर्शित करणारी ती एकमेव स्त्री, तो भाग म्हणजे 1964 चा ‘द मास्क्स’.

1995 मध्ये तिचं निधन झालं. तीन वर्षांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत ‘द हिच-हायकर’चा समावेश झाला, 2020 मध्ये ‘आउटरेज’चाही. या दोन्ही चित्रपटांवर दिग्दर्शक म्हणून नाव आहे ते आयडा लुपिनोचंच.