आकाशाच्या काचा आणि चार धर्मभगिनी

दुर्बिणीतून आकाशाचे छायाचित्र घेऊ पाहणाऱ्या नवशिक्याला जाणते लोक सांगतात, की आधी चंद्र घ्यावा, मग एखादा ठळक तारा, आणि तेजोमेघांच्या वाटेला सर्वांत शेवटी जावे. या विद्येचे आद्य साधकही नेमक्या याच पायऱ्यांनी वर चढले होते. १८४० साली न्यूयॉर्क येथे जॉन विल्यम ड्रेपर यांनी चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चंद्र उमटविला, तेव्हा त्यांना सुमारे वीस मिनिटे लागली. १८५० च्या जुलैत हार्वर्ड वेधशाळेत बाँड आणि व्हिपल यांनी अभिजित ताऱ्याचे छायाचित्र घेतले. मृग नक्षत्रातील तेजोमेघासाठी मात्र ३० सप्टेंबर १८८० ची रात्र यावी लागली. त्या रात्री जॉन विल्यम यांचे पुत्र हेन्री ड्रेपर यांनी ५१ मिनिटे आपली दुर्बीण त्याच्यावर रोखून धरली.

एवढा विलंब का लागला? मधल्या काळात काचेवर ओले रसायन पसरून छायाचित्र घेत असत. ते काही मिनिटांतच सुकून निकामी होई. १८७१ मध्ये मॅडॉक्स या इंग्रज वैद्याने जिलेटिनच्या कोरड्या काचेची युक्ती सुचविली, पुढे तीत सुधारणा झाल्या, आणि काच तासभर उघडी ठेवणे शक्य झाले. मानवी डोळा प्रकाश साठवीत नाही, काच साठविते. म्हणून डोळ्यास अदृश्य असे तारे तिच्यावर उमटतात.

दुसरी अडचण आजही नवशिक्याला रडविते. पृथ्वी फिरत असल्याने चंद्र दोन मिनिटांत आपल्या रुंदीएवढा सरकतो. दुर्बीण त्याच गतीने मागे मागे गेली नाही, तर ताऱ्याच्या ठिकाणी रेघ उमटते. घड्याळासारख्या यंत्राने दुर्बीण फिरविली, तरी ते यंत्र किंचित चुकतेच. म्हणून छायाचित्रकार जोडीच्या दुसऱ्या नळीतून एका ताऱ्यावर नजर खिळवून बसे आणि चूक हाताने सावरी. आज ही राखण छोटा कॅमेरा व संगणक करतात. पद्धत तीच आहे.

१८८२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डेव्हिड गिल यांनी एका तेजस्वी धूमकेतूची छायाचित्रे घेतली. काचांवर धूमकेतूमागे असंख्य तारे उमटलेले पाहून, अवघ्या आकाशाचा नकाशा असाच का करू नये, हा विचार बळावला. १८८७ साली पॅरिस येथे खगोलशास्त्रज्ञांची परिषद भरली आणि अनेक देशांच्या वेधशाळांनी आकाश आपसांत वाटून घेतले. दक्षिणेकडील एक पट्टा पुढे हैदराबादच्या निजामिया वेधशाळेकडे आला. उत्तरेकडील ५५ ते ६४ अंशांचा पट्टा व्हॅटिकनने स्वीकारला.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये व्हॅटिकन वेधशाळेची पुनःस्थापना केली आणि बार्नबाईट संघाचे फादर डेन्झा यांना संचालक नेमले. व्हॅटिकनच्या बागेतील जुन्या बुरुजावर ३३ सेंटिमीटर भिंगाची दुर्बीण बसविण्यात आली. फादर ज्युझेप्पे लाइस वर्षानुवर्षे रात्री जागून काचा घेत राहिले. नकाशाच्या काचांवर प्रत्येक तारा किंचित सरकवून तीनदा टिपायचा असे. तीन ठिपक्यांचा चिमुकला त्रिकोण दिसला की तो तारा. एकटा ठिपका धुळीचा कण असू शकतो. ही युक्ती आम्हांस फार आवडते.

परंतु छायाचित्र घेऊन काम संपत नसे. प्रत्येक काचेवरील प्रत्येक ताऱ्याचे स्थान सूक्ष्मदर्शकातून मोजावयाचे होते. फादर डेन्झा १८९४ मध्ये निवर्तले आणि काम रेंगाळले. १९०६ साली संचालक झालेले येशूसंघीय फादर हेगेन यांनी हे काम धर्मभगिनींकडे सोपविले. बाळ मारियेच्या संघातील चौघीजणी त्यासाठी आल्या. एक भगिनी सूक्ष्मदर्शकातून पाहून आकडे सांगे, दुसरी लिहून घेई. १९१० ते १९२१ या काळात त्यांनी ४,८१,२१५ ताऱ्यांची स्थाने नोंदविली. १९२० मध्ये पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी त्यांना खाजगी भेट दिली.

तरीही खगोलशास्त्राच्या इतिहासात त्या दीर्घकाळ केवळ 'नन्स' म्हणूनच उरल्या. फादर डेन्झांचे, फादर हेगेनचे नाव ग्रंथांत आले, यात गैर काही नाही. पण मोजणाऱ्यांची नावे छापावयास जागा कितीशी लागली असती? २०१६ च्या सुमारास येशूसंघाचे फादर साबिनो माफेओ यांना जुन्या कागदपत्रांत ती सापडली: सिस्टर एमिलिया पोन्झोनी, सिस्टर रेजिना कोलोम्बो, सिस्टर कोन्चेत्ता फिनार्दी आणि सिस्टर लुइजिया पान्चेरी.

संपूर्ण आकाशाचा तो नकाशा कधीच पुरा झाला नाही. ताऱ्यांची सूची मात्र झाली, आणि शतकाच्या अखेरीस तिला अनपेक्षित मोल आले. १९८९ मध्ये युरोपने सोडलेल्या हिप्पार्कस उपग्रहाने ताऱ्यांची नवी स्थाने मोजली. शंभर वर्षांपूर्वीची स्थाने शेजारी ठेवताच कोणता तारा किती सरकला, हे कळू लागले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे २५ लाख ताऱ्यांच्या 'टायको-२' सूचीत ही जुनी मोजमापे वापरली आहेत. त्यांत त्या चौघींनी नोंदविलेले आकडेही आहेत.