नाकाच्या मापापासून मेंदूच्या जोडणीपर्यंत : 'जन्मजात बुद्धी'चे थोतांड

आरक्षणाचा विषय निघाला की 'बुद्धी रक्तातच असावी लागते' हे वाक्य आमच्या मुलांना आजही ऐकवले जाते. या वाक्याला विज्ञानाचा मुलामा देण्याचे प्रयत्न शंभरावर वर्षे चालू आहेत. ते कसे फसले, हा इतिहास आपल्याला पाठ हवा.

१९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले याने नाके मोजून जातींची वांशिक उतरंड मांडली. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर कवटीच्या ठेवणीत गोऱ्यांचे श्रेष्ठत्व शोधत होता. त्याच्याच हाताखाली इरावती कर्वे यांनी १४९ कवट्या तपासल्या आणि ठेवणीचा वंशाशी संबंध नाही, असा निष्कर्ष काढला. पुढे १९४८ साली बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' या ग्रंथात नाकाच्या मापांचीच आकडेवारी घेऊन दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत. माप त्यांचेच, निकाल त्यांच्याच विरुद्ध!

आता मोजमाप मेंदूच्या आत गेले आहे. एमआरआय यंत्र मेंदूच्या निरनिराळ्या भागांतले रक्तप्रवाहाशी निगडित चढउतार टिपते. कोणत्या भागांचे चढउतार बरोबरीने होतात, याचे गणित संगणक करतो. याला मेंदूतील जोडणी म्हणतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना, त्यात बहुतेक स्त्रिया, सहा महिने देवनागरी वाचायला-लिहायला शिकवले गेले. त्यानंतर नजरेचे काम पाहणाऱ्या, मेंदूच्या खोलातील आणि मागच्या भागांची जोडणी वाढलेली दिसली.

हा अभ्यास जेमतेम तीस जणांचा होता, हे आपणही विसरू नये. मेंदूची जोडणी आणि माणसामाणसांतला बुद्धीचा फरक यांचा भरवशाचा संबंध लावायला हजारो माणसे तपासावी लागतात, असे २०२२ साली 'नेचर'मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. म्हणून उद्या कोणी चार स्कॅन दाखवून जातीची बुद्धी सांगू लागला, तर आधी विचारा : माणसे किती तपासली? त्यांना शाळा किती मिळाली होती?

कारण खरा प्रश्न शाळेचाच आहे. अक्षरबंदी ही मेंदूवर लादलेली बंदी होती. परभणीसह मराठवाडा १९४८ साली निजामाच्या राजवटीतून सुटला आणि दोनच वर्षांत बाबासाहेबांनी औरंगाबादेत कॉलेज उभे केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. बुद्धी होतीच, दार बंद होते.

ते दार आज पूर्ण उघडे आहे का? गंगाखेड, सोनपेठ भागातल्या ऊसतोड कामगारांची कितीतरी मुले दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर फडावर जातात. शाळा पाच-सहा महिने सुटते. तिकडे सहा महिन्यांच्या अक्षरओळखीने तिशीतल्या बायांच्या मेंदूत बदल दिसतो, इकडे आठ वर्षांच्या पोराचे तेवढेच महिने दरवर्षी बुडतात. मग दहावीनंतर त्यालाच 'गुणवत्ता' विचारायची?

मित्रांनो, वादात जिंकणे पुरेसे नाही. हंगाम सुरू होण्याआधी आपल्या गावात हंगामी वसतिगृह सुरू झाले का, पटावरची किती मुले गावात राहिली, हे शाळेत जाऊन तपासा आणि पंचायत समितीला लेखी विचारा.

जय भीम!