पंगतीपासून टेबलापर्यंत

तालुक्याच्या गावी बाजार करून परतणारे कुटुंब आज सहज हॉटेलात शिरते. गाव हिंगोली असो, वसमत असो की कळमनुरी. आजोबा, सून, नातवंडे एकाच टेबलाशी बसतात, शेवभाजी आणि तंदुरी रोटी मागवतात. पैसे देतात आणि घरी जातात. यात इतिहास तो कसला, असे कोणी विचारील. पण श्रोतेहो, हे साधे जेवण असे साधे व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि त्यापायी पुष्कळांना अपमान गिळावा लागला.

जुन्या काळी आपल्याकडे बाहेर जेवणे ही चैन नव्हती, अडचण होती. प्रवासाला निघालेला माणूस फडक्यात भाकरी बांधून घेई. मुक्काम पडला तर धर्मशाळा किंवा नात्यागोत्याचे घर पाही. गावात पंगत बसे. पण कोणी कोणाच्या शेजारी बसायचे आणि कोणी लांब थांबायचे, हे पान वाढण्यापूर्वीच ठरलेले असे. दुसरी रीतही फार दूर नव्हती, बरं का! नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातील लंगरात सगळे एका ओळीत बसून जेवतात. ज्या शीख ग्रंथसाहिबाला तेथे मस्तक टेकले जाते, त्यात संत नामदेवांची पदे आहेत. आणि नामदेवांचे जन्मस्थान म्हणून आपल्या हिंगोली जिल्ह्यातील नरसी ओळखली जाते. एक ओळ शक्य होती, तिचा धडा जवळच होता. पण गावच्या पंगतीने तो घेतला नाही.

शहरातही तीच गत होती. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. पुढे त्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि एवढा गदारोळ उठला की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. एका कप चहापायी! मोठ्यांची ही कथा, तर ज्यांना दाराच्या आत पाऊलच टाकता येत नव्हते त्यांचे काय?

परदेशात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. हिंदूंच्या खाणावळीत आपल्याला जागा मिळायची नाही, हे त्यांना ठाऊक होते. ते एका पारशी पथिकाश्रमात उतरले, तर तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. ही हकिगत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. त्याच सुमारास कोल्हापुरात शाहू महाराजांनी उलट वाट पाडली. पाण्याला शिवल्यावरून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचे हॉटेल काढायला मदत केली. महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. राजाने घेतलेला चहा कोण नाकारणार?

पण सगळीकडे असा राजा कोठून आणायचा? त्यासाठी कायदाच लागतो. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. हिंगोली तेव्हा हैदराबाद राज्याच्या परभणी जिल्ह्यात होती. निजामी राजवट संपून दीड वर्षही झाले नव्हते. घटनेच्या १५ व्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून तेथे कोणाला मज्जाव करता येत नाही. देशाच्या घटनेत हॉटेलाचे नाव कशाला, असे वाटले तर बडोद्याची हकिगत आठवावी. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने पुढचे पाऊल टाकले. हॉटेलात लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे, हाही त्याने गुन्हा ठरवला. तरीसुद्धा दाराबाहेर वेगळी कपबशी ठेवायची आणि गिऱ्हाइकानेच ती विसळून पालथी घालायची, ही रीत अनेक गावांत पुढेही चालू राहिली. कायदा एका दिवसात लागू होतो. मन बदलायला मात्र अवधी लागतो.

आता बायकांची गोष्ट. मुंबईच्या गिरणगावात हजारो कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळी घरोघरच्या बायकाच चालवीत. सावकाराच्या व्याजातून त्या सुटाव्यात म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. पण दुसऱ्यांसाठी रांधणारी हीच बाई हॉटेलात खायला बसली, तर लोक नावे ठेवीत. म्हणून फळ्या ठोकून, पडदा लावून वेगळी ‘फॅमिली रूम’ करीत. आज पाटीवर ‘फॅमिली’ हा शब्द राहिला आहे. पडदा बराचसा गेला आहे.

ताटातही इतिहास असतोच. मराठवाड्याचे रोजचे अन्न ज्वारीची भाकरी. तंदूरची रोटी आपल्याकडची नव्हे. १९४७ च्या फाळणीत घरदार सोडून आलेल्या पंजाबी लोकांनी दिल्लीसारख्या शहरांत हॉटेले काढली, रस्त्याकडेला ढाबे घातले, आणि तंदूर देशभर पसरला. आता गंमत अशी, की शेतकऱ्याची मुले हॉटेलात रोटी मागतात आणि शहरातले पाहुणे चुलीवरची भाकरी नि ठेचा शोधीत येतात!

शिक्षक बंधुभगिनींनो, हा इतिहास पाठ्यपुस्तकात थोडाच सापडेल. तो गावातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ आहे. मुलांना तीन प्रश्न देऊन घरी पाठवा. आजी, तू हॉटेलात पहिल्यांदा कधी जेवलीस? तेव्हा तुला कोठे बसवले? आणि तुझा कप कोणी धुतला? उत्तरे वहीत लिहून घ्या आणि वर्गात मोठ्याने वाचा. काही उत्तरे ऐकून वर्ग हसेल, काही ऐकून गप्प होईल. गप्प झाला तर घाई करू नका. मुलांना थोडा विचार करू द्या.